ब्रेकपुरती हवा

मित्रांनो, मी हवेवर चालणारी एक जुनी गाडी आहे. हसू नका. हवा खाऊन कोणाचे पोट भरत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण माझे भरत असे. माझ्या आसनाखाली दोन लांबट टाक्या आहेत. त्यांत हवा दाबून कोंबली की ती बाहेर पडायला धडपडते आणि त्या धडपडीवर माझे इंजिन फिरते. मागच्या नळीतून निघते ती निव्वळ गार हवा.

मला दोघा भावंडांनी घडवले. ताई वेल्डिंग करायची, धाकटा नळ्या आणि झडपा जोडायचा. त्यांच्या वडिलांनी बंद गॅरेजात आयुष्यभर धूर गिळला होता, शेवटी शेवटी एक जिना चढताना ते तीनदा बसत. बिनधुराच्या गाडीचे वेड ताईने तेव्हापासून घेतले. पाच वर्षे दोघांनी माझ्यासाठी हाडाची काडे केली.

मला भरायला ताई चांगले चार तास लावायची. थोडी हवा भरायची, टाकीला हात लावून बघायची, गार झाली की पुन्हा थोडी. "घाईनं भरलेली हवा तापते रे," ती धाकट्याला बजावायची, "आणि तापलेली हवा दाबाच्या काट्याला खोटं बोलायला लावते." माझ्या पाठीशी तिने एक छोटी टाकीही बसवली होती. तिच्यातली हवा फक्त ब्रेकसाठी. तिच्यातून इंजिनाकडे जाणारी झडप कायम बंद असे.

एका मोठ्या दवाखान्याला बिनधुराच्या दहा गाड्या हव्या होत्या. त्याची एक इमारत टेकडीखाली, दुसरी टेकडीवर. मध्ये न भरता पाच फेऱ्या मारून दाखवायच्या, ही अट. मी पास झाले तर दोघांचा छोटा कारखाना जगणार होता. नाही तर त्याला कुलूप लावून दोघांनी नोकऱ्या शोधायच्या, हे त्यांचे आधीच ठरले होते.

परीक्षेच्या दिवशी दवाखान्याच्या अधीक्षक बाई दोन तास आधीच कारखान्यात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या टाक्या अर्ध्याही भरल्या नव्हत्या. ताई त्यांच्या स्वागताला धावली आणि धाकट्याने हवा दाबणारा कॉम्प्रेसर पूर्ण सोडला. वीस मिनिटांत काटा टोकाला गेला. त्याने टाकीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग इकडे तिकडे बघून तो हात खिशात घातला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

"धूर नाही म्हणता," बाई म्हणाल्या, "मग मागं हे काय धडधडतंय?"

"ते शेजारचं..." धाकट्याने सुरुवात केली.

"नाही मॅडम, आमचंच आहे," ताई म्हणाली आणि त्यांना थेट पत्र्याच्या आडोशामागे घेऊन गेली. तिथे डिझेलवर चालणारा कॉम्प्रेसर होता आणि त्याच्यामागची भिंत काळीकुट्ट झाली होती.

"म्हणजे धूर आहेच. फक्त दवाखान्याऐवजी इथं सोडता."

"हो. विजेवरचा कॉम्प्रेसर घेतला तर इथलाही थांबेल. पण ती वीज कुठं, कशी बनते, तेही बघावं लागेल. आणि हवा दाबताना बरीचशी ताकद नुसती उष्णता होऊन वाया जाते."

धाकट्याने कपाळावर हात मारला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे काय! दोघी परत आल्या तोवर टाक्या निवल्या होत्या आणि काटा बराच खाली आला होता. ताईने काचेवर बोट ठेवले, भावाकडे पाहिले. तो बुटांकडे बघत होता. बाई मात्र माझ्या आसनावर बसल्याही होत्या. "चला, मला बाराला परतायचंय." ताईने मला सुरू केले.

तीन फेऱ्या झकास झाल्या. चौथीत माझ्या मागच्या नळीच्या तोंडावर बर्फ धरू लागला, कारण हवा पसरते तेव्हा थंड पडते. पाचव्या फेरीत चढावर माझा दम उखडला. वरचे फाटक समोर दिसत होते.

मागच्या आसनावरून धाकटा पुढे वाकला. "ताई, मागची झडप उघडतो. चाळीस पावलं तर उरलीत."

"कसली झडप?" बाईंनी विचारले.

खरे सांगते, मलाही ती हवा हवीशी वाटली. चाळीस पावलांवर दोघांचे आयुष्य उभे होते.

"हात काढ," ताई म्हणाली. "ती ब्रेकची हवा आहे."

मी थांबले. बाईंनी कागदावर लिहिले, 'अपुरी'. धाकट्याला रडू फुटले. "टाकी तापली होती ताई. मला कळलं होतं."

"मलाही काटा पडलेला दिसलाच होता की. तरी निघालेच ना मी?"

इंजिन बंद पडले होते, म्हणून आम्ही ब्रेकच्या भरवशावर उतारावरून परत निघालो. निम्म्या वाटेत, वळणावर, दोन परिचारक स्ट्रेचर ढकलत रस्त्यात आले. वर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून पडले होते. ताईने सारे वजन ब्रेकवर टाकले. मी थांबले तेव्हा त्यांच्या पायांवरची चादर माझ्या नाकाला घासत होती. स्ट्रेचर पलीकडे गेले. म्हाताऱ्यांना काही कळलेही नाही. बाईंच्या हातातले पेन खाली पडले होते, ते उचलायला कोणी वाकले नाही.

गाड्यांचे काम मिळाले नाही. कारखान्याला कुलूप लागले आणि ताई दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला लागली. बाईंनी मला एकटीला ठेवून घेतले. वॉर्डांपासून धुलाईखान्यापर्यंतच्या सपाट वाटेवर मी अकरा वर्षे चादरी वाहिल्या, विजेच्या कॉम्प्रेसरने सावकाश भरलेल्या हवेवर. तेवढे काम मला छान जमत होते. चढावर मी कमी पडले, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही.

आज माझी चाके बसली आहेत, झडपांचे रबर वाळले आहे आणि अंगावर कोणीतरी जुन्या खाटा रचल्या आहेत. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला मला दुरुस्त करावेसे वाटले, तर जरूर या. मी किती लांब जाते ते सावकाश पाहू. आधी मागची छोटी टाकी भरा.