मेले म्हणजे वर

माझं शिक्षण सातवी, ते पण कन्नड शाळेत. मराठी आमची घरातली, आणि तिच्यात निम्मं कन्नड कधी मिसळलं ते आमच्या आजोबांना पण माहीत नव्हतं. म्हणून बिंदुमाधव टेलरनं पुस्तक लिहिलं म्हटल्यावर मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले लोक आधी हसले. मग त्यांनी वाचलं. मग माझ्याशी जरा जपून बोलायला लागले, कारण हा माणूस सगळं लिहितो हे त्यांना कळलं.

लिहितो म्हणजे मी बोललो. बोगादीत राहणारी मृण्मयी, पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरवाली, नवऱ्याची पॅन्ट आखूड करायला दुकानात आली होती. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाली, "काका, हे क्रिकेट नाही ना?"

"बेसबॉल," मी म्हटलं. "मी कॅचर, बॅटरच्या मागं बसणारा. कर्नाटककडून सात वर्षं."

पॅन्ट राहिली बाजूला. दोन तास बोललो. पुढच्या रविवारी ती मोबाइल घेऊन आली, माझ्यापुढं कात्रीशेजारी ठेवला आणि म्हणाली, बोला. असं वर्षभर चाललं. मी बोलायचो, ती घरी जाऊन टाइप करायची. मधेच फोन यायचा. "काका, इथं 'सुम्ने' लिहिलंय, म्हणजे काय?"

"सुम्ने म्हणजे सुम्ने. असंच. उगाच."

तिनं तसंच ठेवलं. शहाणी पोरगी.

पुस्तकात मी काही झाकलं नाही. नॅशनलला जाताना संडासाच्या दाराशी बसून दोन रात्री काढल्या, ते सांगितलं. ज्याला बॅट कुठल्या टोकाला धरायची कळत नव्हतं त्याला मामाच्या वशिल्यानं टीममध्ये घेतलं, ते सांगितलं. टीमचे युनिफॉर्म मीच शिवायचो आणि उरलेल्या कापडात माझ्या दोन चड्ड्या बसवायचो, ते पण सांगितलं. वनजा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, चड्ड्या तरी वगळा!" मी म्हटलं, चड्डी वगळली तर बाकीचं कोण खरं मानेल?

आता तीन वर्षं झाली, मराठी मंडळानं चार वेळा छापलं, तरी लोक मागतातच. बेसबॉल कशाशी खातात ते माहीत नसलेल्या बायका वाचतात. एक बस कंडक्टर दर महिन्याला येतो, बटण लावून घेतो आणि विचारतो, "गुरू, त्या चड्डीचा रंग कुठला होता?" मी सांगतो, निळा. तो खूश होऊन जातो.

पण त्याच पुस्तकानं माझा किट्टी गेला.

किट्टी म्हणजे कृष्णमूर्ती. वरुणा गावचा. बापाच्या उसात पोपट हाकलत मोठा झाला, दगड मारून. असा हात मी दुसऱ्या माणसाला बघितला नाही. सेंटरफील्डला, पार लांब, उभा राहायचा, तिथून फेकलेला चेंडू माझ्या ग्लव्हजमध्ये येऊन पडायचा, जशी पोस्टमननं चिठ्ठी द्यावी. तीस वर्षं आम्ही आठवड्यातून एकदा तरी एकत्र कॉफी प्यायलो. पुस्तक आलं, त्याला मराठी कळते पण वाचता येत नाही, म्हणून त्यानं वाचून घेतलं भाग्याकडून, म्हणजे त्याच्या मुलीकडून, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद.

कारण मला वाटत होतं ते असं. ब्याण्णव सालची फायनल, आम्ही आणि महाराष्ट्र. आम्ही एका रननं पुढं, शेवटची इनिंग, दोन आऊट, तिसरा काढला की संपलं. त्यांचा विजय म्हणून गडी सेकंड बेसवर. बॅटरनं मारलं, चेंडू किट्टीकडं. विजय थर्ड ओलांडून होम प्लेटकडं, म्हणजे माझ्याकडं सुटला, बैलासारखा; प्लेटला पोचला की बरोबरी. मैदानात खडे, टप्पा पडला तर चेंडू कुठं उडेल नेम नाही. म्हणून मी ओरडलो, "मेले! किट्टी, मेले!"

कन्नडात मेले म्हणजे वर. वरून टाक, असं. पण विजयला ते ऐकू आलं मराठीत. त्याला वाटलं मी म्हणतोय, मेले, महाराष्ट्रवाले मेले. अर्धं पाऊल अडखळला गडी. चेंडू आला, मी टॅग लावला, म्हणजे चेंडूसकट ग्लव्हज त्याच्या अंगाला टेकवला, पंचांनी हात उडवला. आऊट. गोल्ड मेडल.

हा किस्सा मी मैसूरच्या प्रत्येक लग्नात सांगितला असेल. एका शब्दानं महाराष्ट्राला मारलं, म्हणून. लोक पोट धरून हसायचे आणि किट्टी शेजारी बसून मिशीतल्या मिशीत हसायचा.

पुस्तकात मात्र मी पुढचं सांगितलं, जे तीस वर्षं गिळून बसलो होतो. ग्लव्हज रिकामा होता. खाली आणताना चेंडू निसटला आणि माझ्या गुडघ्याखाली पडला. मी रिकाम्या ग्लव्हजनं विजयच्या मांडीवर थाप मारली. धुरळ्यात कुणाला दिसलं नाही. तो उठून पंचांपुढं ओरडत होता, "साहेब, चेंडू बघा कुठाय!" तोपर्यंत मी चेंडू गुडघ्याखालून काढून हातात उंच धरला होता. विजय सेफ होता, मॅच बरोबरीत होती. मेडल अजून आमचं नव्हतं.

मला वाटलं, किट्टीला तेच लागलं. त्याचं मेडल त्याच्या देवघरात असायचं. मी ते खोटं ठरवलं. दोनदा वरुणाला गेलो. पहिल्यांदा तो गाईकडं तोंड करून उभा राहिला आणि तिच्याशी बोलला. दुसऱ्यांदा गाईशी पण बोलला नाही.

यंदा पाचवी छपाई ठरली. मंडळानं बोगादीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. त्याच्या आठ दिवस आधी दुकानात फोन आला.

"बिंदुमाधव का? मी विजय बोलतोय, नाशिकहून. थर्डवरून पळत आलेला."

मी टेप गळ्यात टाकली. म्हटलं, "बोला."

"पुस्तक वाचलं. सुनेनं आणून दिलं. रविवारी येतोय मी. एक प्रश्न आहे, तो तोंडावर विचारणार."

त्यानं फोन ठेवला. वनजा म्हणाली, "मारेल का हो तुम्हाला?" मी म्हटलं, मारलं तर बरंच होईल, फिटेल तरी. आणि लगेच भाग्याला फोन लावला. "बाळ, विजय येतोय. तुझ्या अप्पाला सांग. नंतर आयुष्यभर नाही बोलला तरी चालेल, एवढ्या वेळी ये म्हणावं."

"बघते, काका," ती म्हणाली. "ते तुमचं नाव काढलं की उठून जातात."

रविवारी हॉल भरला. आमच्या विठ्ठल मंदिराची मंडळी एका बाजूला, बोगादीची कंपन्यांतली तरुण मंडळी दुसऱ्या बाजूला, कंडक्टर मधेच उभा. टेबलावर मृण्मयीनं माझा जुना ग्लव्हज आणि एक चेंडू मांडला होता, देवासारखा. ग्लव्हजला मीच नवीन दोरा घातला होता. मी सारखा दाराकडं बघत होतो. किट्टी नव्हता.

विजय आला. पांढरे केस, पोट सुटलेलं, पण चाल तीच, बैलाची. सरळ स्टेजवर चढला, माइक घेतला.

"तेहेतीस वर्षं मी घरात अपील करतोय," तो म्हणाला. "बायकोला, पोरांना, जावयाला. मी सेफ होतो, मी सेफ होतो. नमिता, माझी मिसेस, म्हणते, तुम्ही झोपेत पण सेफ म्हणता. आमच्याच टीमनं मला सांगितलं, विज्या, तू थांबलास, तू बुडवलंस. या माणसानं एका पानात मला सोडवलं. पण बिंदुराव, एक सांगा. तुम्ही ओरडलात, मेले. ते ऐकून मी खरंच अर्धं पाऊल थांबलो. कशाला मारलंत हो आम्हाला आधीच?"

हॉल हसला. माझा तर हातखंडा किस्सा. मी माइक घेतला.

"अय्यो, विजयराव, ते मराठी नव्हतंच! मेले म्हणजे कन्नडात वर. मी आमच्या किट्टीला सांगत होतो, वर टाक. खाली खडे होते ना. मला चेंडू वरच पाहिजे होता. आणि त्यानं टाकला, अगदी इथं," मी कपाळासमोर तळहात धरला, "अगदी मी मागितला तिथं..."

आणि माझा तळहात कपाळासमोरच राहिला.

शंभर लग्नांत हे मी सांगितलं होतं. आणि पुस्तकात, रिकाम्या ग्लव्हजच्या पानावर, मीच बोललो होतो: 'थ्रो जरा वर आला, म्हणून चेंडू निसटला.' सात शब्द. जाता जाता. सगळं पाप स्वतःवर घेतलं आणि शेवटचा चिमूटभर भाग किट्टीच्या हातावर ठेवून दिला. वर आला! वर ये म्हणून बोलावणारा मीच!

मेडलचं नव्हतं रे बाबा. मेडल गेलं असतं तरी तो हसला असता. हात होता त्याचा. उसातला, पोपट हाकलणारा हात. त्याच्याकडं दुसरं काय होतं? आणि ज्या पुस्तकाला सगळं मैसूर खरं मानतं, त्यात मी लिहिलं की तो हात चुकला.

"काका?" मृण्मयी हळूच म्हणाली. "पाणी देऊ?"

"पाणी नको. पान काढ," मी म्हटलं. "ब्याऐंशी."

तिनं काढलं. मी सगळ्यांपुढं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग म्हटलं, "लोकहो, या पुस्तकात एक वाक्य खोटं आहे. हे. थ्रो वर आला नाही. थ्रो मी सांगितला तसा आला. असा थ्रो माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही. चुकले ते माझे हात. किट्टीचा हात चुकला नाही."

विजयनं माझ्याकडचा माइक ओढला. "थांबा, मी सांगतो. पळणारा मी होतो. चेंडू माझ्या आधी आला. चांगला दोन हात आधी. यांनी नीट धरला असता तर मी आऊट होतो, आणि तेहेतीस वर्षं गप झोपलो असतो!"

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या एकदमच. आणि त्यातून मागच्या दाराकडून आवाज आला, फाटका, जाडा.

"ईग हेळ्दे नोडु!"

आता बोललास बघ. किट्टी. पांढरी लुंगी, खांद्यावर टॉवेल, शेजारी भाग्या डोळे पुसतेय. आत येत नव्हता, पण गेला पण नव्हता. सगळा वेळ चपलांच्या ढिगाऱ्यात उभा.

"लो बिंदू," तो तिथूनच ओरडला, "चड्डी खरी लिहिलीस, आणि माझा थ्रो खोटा?"

"चूक झाली, किट्टी!"

"तीन वर्षं गाईशी बोलतोय मी! ती पण कंटाळली!"

मी स्टेजवरून उतरलो कसा ते मला आठवत नाही. आम्ही मिठी मारली तेव्हा त्याच्या टॉवेलला गवताचा वास होता आणि त्यानं माझ्या पाठीत जो गुद्दा घातला त्यावरून हात अजून शाबूत आहे हे कळलं. वनजा रडत होती आणि हसत होती आणि कुणाकुणाला उगाचच लाडू वाटत होती.

विजय मागून आला. त्यानं टेबलावरचा चेंडू उचलला, तळहातावर उडवला. "कृष्णमूर्ती," तो म्हणाला, "हिशेब राहिलाय एक. बाहेर मैदान आहे."

"तुझं पोट बघ," किट्टी म्हणाला.

"पोट बघू नको, पाय बघ."

सगळा हॉल बाहेर आला. हॉलचं पायपुसणं होम प्लेट झालं. मी ग्लव्हज चढवला आणि त्यामागं बसलो. गुडघे दोन्ही कटकन वाजले, पुढच्या रांगेला ऐकू गेलं. विजय गेटपाशी गेला. किट्टीनं लुंगी वर खोचली, चेंडू घेतला आणि पार त्या टोकाला, नारळाच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला. साठीचा माणूस. मृण्मयी म्हणाली, "काका, जवळ बोलवा त्यांना, एवढ्या लांबून कसं..."

"सुम्ने इरम्मा," मी म्हटलं. गप उभी राहा.

विजय सुटला. दणादण. पोट हलतंय, तोंड लाल, पण पळतोय गडी. मी पूर्ण जोरानं ओरडलो, "मेले! किट्टी, मेले!"

या वेळी विजय अर्धं पाऊल पण थांबला नाही. या वेळी त्याला अर्थ माहीत होता.

चेंडू नारळाच्या झावळ्यांपासून निघाला आणि वरून, सरळ, न वाकता आला, अगदी कपाळासमोर. थप्प. दोन्ही हातांनी धरला मी, पोटाशी आवळून, जसं पोर आवळावं. खाली आणला आणि पायपुसण्याच्या वीतभर आधी विजयच्या पोटावर टेकवला. ग्लव्हज उघडून सगळ्यांना दाखवला. चेंडू आत.

पंच कुणीच नव्हता. बायका, पोरं, मंदिरवाले, कंपनीवाले, सगळे विजयकडं बघत होते.

तो गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता. मग सरळ झाला, दोन्ही हात आकाशात फेकले आणि सगळ्या बोगादीला ऐकू जाईल असा हसत ओरडला,

"मेलो!"