तिसऱ्या मजल्यावरचे बावीस सेकंद

इमारत आठ मजल्यांची आणि लिफ्टचा प्रोग्राम इतका जुना, की तो लिहिणारा माणूस आता आजोबा झाला होता. प्रोग्रामची एकच खोड. वर जाताना असो की खाली, कुणी बोलावलेलं असो वा नसो, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबायचीच. दार बावीस सेकंद सताड उघडं!

मावशीचं केस कापायचं दुकान नेमकं त्या दारासमोर. दुकान म्हणजे एक खुर्ची, तीही रिकामी, कारण गिऱ्हाईक लिफ्टमधून उतरेल कशाला? दार उघडलं की मावशी कात्री घेऊन आत वाकायची, बावीस सेकंद सपासप, की मागे. सोमवारी उजवा कान, मंगळवारी मान. शुक्रवारपर्यंत माणूस अख्खा तयार.

आणि नवा प्रोग्राम बसवायला आली कोण, तर मावशीची सख्खी भाची! रिकाम्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसली.

"घाबरू नकोस गं मावशी. जुना बंद करतच नाही. नवा शेजारी बसून नुसता बघेल. दोघांचं शंभर फेऱ्या जुळलं, की चालत्या लिफ्टमध्येच अलगद अदलाबदल."

"मग जुळतंय का?"

"कुठलं! नवा विचारतो, तिसऱ्यावर थांबायचं कारण काय?"

"मी आहे ना कारण!"

"तू त्याच्या यादीत नाहीस."

लिफ्ट थांबली नाही तर दुकान संपलंच की!

तेवढ्यात लिफ्टमधून इमारतीचे व्यवस्थापक साहेब गरजले, "शंभर फेऱ्या कसल्या? आत्ता बदला! मी आतच आहे. मला फरक जाणवला नाही, म्हणजे झालं!" साहेबांची उजवी बाजू नुकतीच झाली होती. डावी पुढच्या फेरीला व्हायची होती.

भाचीने बदललं. लिफ्ट साधी कुरकुरलीसुद्धा नाही. पुढच्या फेरीला मावशी कात्री उगारून उभी, तर दाराच्या काचेतून साहेबांचं अर्धं कापलेलं डोकं सुळकन वर गेलं. मग खाली. मग पुन्हा वर.

"साहेब, तीनचं बटण दाबा की!"

"कामाच्या वेळेत केस कापायला उतरू? लोक काय म्हणतील!"

चौथ्या फेरीला काचेआडून हाक आली, "फरक जाणवतोय!"

भाचीने झटक्यात जुना प्रोग्राम परत आणला. दार उघडलं. तिने कागद पुढे केला. "नव्याला थांबायचं कारण हवंय. सहीसकट."

साहेबांनी आरशात पाहिलं, घाम पुसला आणि लिहिलं, 'डावी बाजू बाकी.'

भाचीने ते टाइप केलं. नव्याला पटलं! पुन्हा अदलाबदल झाली आणि लिफ्ट तिसऱ्यावर येऊन शहाण्यासारखी थांबली. मावशी आत वाकली.

"डावी बाजू झाली की कारण काढून टाकू ना?" भाचीने विचारलं.

"का गं? साहेबांचे केस वाढायचे थांबणारेत?"

साहेब मान वळवून काहीतरी बोलायला गेले आणि कानावरची बट जरा जास्तच उडाली.