आपल्या माणसाच्या हातचं

कलबुर्गीतल्या त्या कपड्यांच्या कंपनीत जेवणाची घंटा होऊन गेली, तरी स्नेहल कटिंग टेबलावरून हलली नव्हती. विजयश्री डबा उघडून नुसती तिच्याकडं बघत बसली होती. दोघी एकाच कॉलेजातल्या, एकाच दिवशी इंटर्नशिपला आलेल्या. विजयश्री मादन हिप्परग्याच्या शेतकरी घरातली, स्नेहल कमठाण्याची. महिना झाला नाही तोच कटिंग शिकवणाऱ्या निंगप्पा मास्तरांनी स्नेहलच्या हातात कात्री दिली. विजयश्रीच्या वाट्याला आलं शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापणं. तीन महिन्यांनी दोघींपैकी एकीलाच इथं कायमची नोकरी मिळणार होती. ती कुणाला, हे आता शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"जेवायली कामून न्हाईस गं?" स्नेहलनं येऊन विचारलं. "शेंगाची चटणी आणलीय, घे की."

"भूक न्हाई," विजयश्री म्हणाली. भूक सपाटून लागली होती. पण मेली चटणीसुद्धा चांगली करते, या विचारानं तिचा आणखीच जळफळाट झाला.

त्याच आठवड्यात आळंदच्या राजूबाई लेकीच्या लग्नाचे कपडे बघायला आल्या. नवरीचा ब्लाऊज स्नेहलनं कापला होता. लेकीनं तो अंगात घातला आणि ती आरशासमोरून हलेचना. कुठं चुणी नाही, कुठं ताण नाही. राजूबाईंनी जवळ उभ्या असलेल्या, घरच्या ओळखीतल्या विजयश्रीला विचारलं, "कुणी कापलाय गं? हात लई गोड हाय पोरीचा."

"स्नेहलनं," एवढंच म्हणता आलं असतं. आपल्याकडं नाव सांगितलं की गाव विचारतात, गाव सांगितलं की घर. राजूबाईंनी अजून त्यातलं काहीच विचारलं नव्हतं. विजयश्रीनं न विचारता सांगून टाकलं, "कमठाण्याच्या भीमराजची लेक हाय. जयभीमवाल्यांच्यातली."

यात खोटं काही नव्हतं, शिवीही नव्हती. काडी टाकायला तेवढं पुरलं. राजूबाई लेकीला "काढ तो" म्हणाल्या आणि थेट कंपनीच्या मालकाच्या, प्रशांतकुमार साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"नवरीच्या अंगाला लागायचं कापड हाय, साहेब. आपल्या माणसाच्या हातचं पाहिजे. ही विजयश्री हाय की आमच्यातली, हिला सांगा."

साहेब शिकलेले. मी जात मानत नाही, असं चारचौघांत सांगणारे. पण गिऱ्हाईक मोठं होतं. संध्याकाळच्या आत स्नेहलची रवानगी पॅकिंगला झाली. का, ते तिला कुणी सांगितलं नाही. कटिंग टेबल विजयश्रीला मिळालं.

हवं ते मिळालं, पण हात चालेना. पहिल्या कापडात बाही आखूड झाली, दुसऱ्यात काखेजवळचा मुंढा चुकला. राजूबाई उद्या येणार म्हटल्यावर तिनं नको ते केलं. कपाटातला स्नेहलचाच ब्लाऊज काढला, गळ्याची पट्टी उसवली, दुसरी लावली आणि तोच नवा म्हणून पुढं ठेवला.

लेकीनं ब्लाऊज घातला. राजूबाई चहूबाजूंनी निरखून म्हणाल्या, "बघ, म्हणलं न्हवतं मी? पहिल्यापेक्षा कसा झकास बसलाय! आपल्या हातचं ते आपल्या हातचं."

 विजयश्रीला स्नेहलपेक्षा सरस व्हायचं होतं, अगदी मनापासून. आणि ही बाई तिला कात्री न लावताच सरस ठरवत होती. वर ते कौतुकही स्नेहलचंच! ते तिला घेववेना आणि टाकवेना.

"काकू, हा तोच हाय," ती बोलून गेली. "स्नेहलनं कापलेला. मी नुसती पट्टी बदललीय. मला असं कापता येत न्हाई."

राजूबाईंनी लेकीच्या पाठीवरच्या हुकांना हात घातला. लेक बाजूला सरकली. "ऱ्हाऊ दे, आई. मी न्हाई काढायची."

विजयश्री स्वतःच केबिनमध्ये गेली. "त्या दिवशी राजूबाईंना स्नेहलची जात मी मुद्दाम सांगितली, साहेब. आन् तुम्हीबी त्यांचं ऐकलंत. टेबल स्नेहलचं हाय, तिला द्या."

साहेबांनी हातातला फोन पालथा ठेवला. "उद्यापासून तू येऊ नकोस," ते म्हणाले. "स्नेहलचं बघू."

पॅकिंगमध्ये स्नेहल शर्टांच्या घड्या घालत होती. विजयश्रीनं तिला सगळं सांगितलं, काहीही झाकून ठेवलं नाही. "तुझं चांगलं व्हायलंय म्हणून माझ्या पोटात दुखायलं हुतं. चुकलं माझं."

"दुखायचं असंल तर दुखू दे की," स्नेहल म्हणाली. "तुझ्यापेक्षा चांगलं कापून दावते म्हणली असतीस, तर मीबी इरेला पडले असते. तू माझी जात कामून काढलीस?"

तिनं हातातल्या शर्टाची घडी पुरी केली आणि मग विजयश्रीकडं सरळ बघितलं. "एक सांग. माझा काप चांगला हुता म्हणून आज तुझं तोंड उघडलं. माझ्याकडनं बाही बिघडली असती, तर उघडलं असतं का?"

विजयश्रीनं ढिगातला पुढचा शर्ट उचलला आणि ती घडी घालायला लागली. स्नेहलच्या प्रश्नाचं उत्तर वाचणाऱ्यानंही तिच्या वतीनं घाईघाईनं देऊ नये.