शौचालयाशेजारचा स्टॉल

टबात अळ्या होत्या. पांढुरक्या, गुबगुबीत, सडक्या भाताच्या लगद्यात वळवळणाऱ्या. जेनेव्हिव्हने झाकण उचलून आत डोकावलं मात्र, सकाळचं सँडविच घशाशी आलं.

"हे हॉलमध्ये नाही चालणार," ती नाक दाबून म्हणाली.

अंधेरीतल्या तिच्या कॉलेजात त्या दिवशी करिअर मेळावा होता आणि जेनेव्हिव्ह स्वयंसेवकांची प्रमुख. गळ्यात ओळखपत्र, कानाला फोन, पायाला भिंगरी. टबामागच्या उत्तरा गवई सांगत होत्या की मानखुर्दला त्यांचा कारखाना आहे, हॉटेलांतलं खरकटं या अळ्यांना घालायचं आणि अळ्यांपासून कोंबड्यांचं खाद्य करायचं. जेनेव्हिव्हने धड ऐकलंही नाही. ती स्वतः प्राणिशास्त्राची, पण प्राणी म्हणजे तिच्या लेखी डॉल्फिन. तिने त्यांचं टेबल सरळ शौचालयाशेजारी, जिन्याखाली लावायला सांगितलं.

आता गंमत अशी, की ओजेटी तिलाही हवी होती. ओजेटी म्हणजे कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम; त्याचे मार्क नाहीत तर वर्षाची वाट लागली. पण मेळाव्याच्या टीमची एक रीत होती. आपण रांगेत उभं राहायचं नाही. पाहुण्यांना चहा द्यायचा, चार्जर शोधून द्यायचे, गोड हसायचं. आपलं काम आतून, ओळखीनेच होतं. मागच्या वर्षी टीममधल्या ग्लेनरॉयचं तसंच झालं होतं म्हणे. कुठल्या कंपनीत, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

म्हणून जेनेव्हिव्ह दिवसभर एका औषध कंपनीच्या चकाचक स्टॉलभोवती घिरट्या घालत राहिली. तिथल्या मॅडमचे लिपस्टिक लागलेले, आत बिस्किटाचा चिखल झालेले उष्टे कपसुद्धा तिने हाताने उचलले. संध्याकाळी ती बायोडेटा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अगं, तू इथे शिकतेस?" मॅडमना खरंच नवल वाटलं. "मला वाटलं तू इव्हेंटवाल्यांची. आमचं नावं घेणं तर दुपारीच बंद झालं."

बाकीचे स्टॉलही बॅनर गुंडाळत होते. जेनेव्हिव्हच्या बोटांना अजून त्या उष्ट्या चहाचा चिकट वास येत होता. तिला मळमळलं, आणि या वेळी अळ्या कुठे जवळपासही नव्हत्या.

हात धुवायला ती शौचालयाकडे गेली. जिन्याखाली उत्तरा मॅडम आवराआवर करत होत्या. जेनेव्हिव्ह घुटमळली, मग मान खाली घालून तिने विचारलं की ओजेटीसाठी जागा आहे का.

"दोन होत्या. एक प्रबुद्ध नावाच्या मुलाने घेतली. लघवीला आला होता, म्हणून दिसलो त्याला." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दुसरी तशीच राहिली. इथे कोण फिरकणार? तूच बसवलंस ना आम्हाला इथे?"

"हो."

"का?"

"घाण वाटली."

"आता नाही वाटत?"

खोटं बोलणं सोपं होतं. दिवसभर तिने तेच केलं होतं.

"वाटते," ती म्हणाली. "आत्तापण ओकारी येतेय."

"मलाही पहिले काही महिने येत होती. जेवण जायचं नाही." उत्तरा मॅडमनी टबाची एक कड धरली. "सोमवारी मानखुर्दला ये. जुने कपडे घाल, घरचे ते परत आत घेणार नाहीत. आता ही बाजू पकड, टेम्पो गेटपाशी आहे."

गेटचा रस्ता हॉलमधून होता. टीमची पोरं नाकं दाबून बाजूला झाली, कुणीतरी "शी, काय गं हे" म्हणालं. झाकण हललं, एक अळी बाहेर सरकली आणि जेनेव्हिव्हच्या मनगटावर चढली. थंड, ओली. दोन्ही हात टबाला गुंतलेले. अंगावर सर्रकन काटा आला. तिने दात आवळले आणि टब खाली न ठेवता ती चालत राहिली.