पाउआचे डोळे

आई जाऊन वर्ष होत आलं. आमच्यात वर्षानं थडग्यावर दगड उभारतात आणि त्यावरचं कापड सगळ्यांसमोर काढतात. सगळे जमतात, रडून होतं, मग जेवणं होतात. आईसाठी दगड नको, असं मामा म्हणाला. त्यानं लाकडाची उभी पाटी कोरली आणि वर आपल्या बहिणीचा चेहरा काढला. डोळे तेवढे राहिले होते. ते पाउआच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या समुद्री जिवाच्या, चमकदार शिंपल्याचे करतात. ते बसेपर्यंत पाटी म्हणजे नुसतं लाकूड. बसले की माणूस बघायला लागतं.

मला ते डोळे आईच्या शिंपल्याचे हवे होते. तिनं हाताळलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यात राहावं, एवढंच. ऑकलंडहून आल्यावर मी तिच्या बंद घरात गेले. खिडकीत शिंपले होते. त्यांतला सगळ्यांत निळा, कडेला जांभळी झाक असलेला, मी मामाला नेऊन दिला.

त्यानं एक डोळा कापून घासायलाही घेतला होता. तेवढ्यात रिरिपेती मावशी शेडमध्ये आली. तिनं उरलेला तुकडा उचलला.

"हा कुठून आणलात?"

"आईच्या खिडकीतून."

"अगं बाई! यात लोणी ठेवायची ती. तळलेल्या पावाबरोबर हाच मध्ये असायचा."

मामानं हातातली कानस खाली ठेवली. "हिनेवाई, तुला माहीत नव्हतं?"

"मी होते तेव्हा लोणी डब्यात असायचं."

"ती राहते शहरात," मावशी म्हणाली. "पण तू रे, एवढा मोठा कारागीर! खरकटं भांडं बहिणीच्या डोळ्यांत घालत होतास."

"तू रोज तिथे चहा प्यायचीस. उचलून ठेवायचा होतास."

"मला काय ठाऊक, तुम्ही दोघं दरोडा घालाल!"

धुऊन घेऊ, मी म्हटलं. मावशीनं मान हलवून तुकडा बाजूला ठेवला. गेलेल्या माणसाचं डोकं आणि अन्न एकत्र येऊ द्यायचं नाही, हे मला कळत होतं. तरी म्हटलं.

"खिडकीतला दुसरा?" मी विचारलं.

"कशात काय होतं, ते सांगणारी गेली," मामा म्हणाला.

कापड दुसऱ्या दिवशी काढायचं होतं. ओहोटी लागली होती. खडकावरून नवा पाउआ सोडवायला त्यानं बादली आणि बोथट सुरी माझ्या हातात दिली.

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पहिलाच पाउआ हाताला लागला तो तळहाताबाहेर जाणारा. बाहेरून सगळे सारखेच, खरबरीत, दगडासारखे. रंग आत, मांसाखाली. आई याच खडकांवर वाकायची.

"पहिला त्याचा!" मावशी किनाऱ्यावरून ओरडली. पहिला तांगारोआचा, समुद्राच्या देवाचा.

"मावशी, केवढा मोठाय बघ तरी!"

"मग त्याला काय लहान आवडतो?"

मी तो परत खडकावर ठेवला. त्यानं दगड धरेपर्यंत हात लावून उभी राहिले. आतला रंग कसा होता, कळलं नाही.

दुसरा बेताचा निघाला. मांस काढल्यावर आत हिरवा जास्त, निळा कमी, मधून एक तपकिरी रेघ.

संध्याकाळी मामानं डोळे बसवले. मी बाजूला सरकले, तशी त्यांतली हिरवी चमकही सरकली.

"चालतील?" मामानं विचारलं.

मी हो म्हटलं. त्यात आईनं हाताळलेलं काही नव्हतं. त्या नजरेसमोर उभं राहणं मात्र जमेना, म्हणून बाहेर जाऊन बादली धुवायला घेतली.