नॅन्सीची कडी

केडगावात रेबेकाबाईच्या घरी भिंतीला लाल प्लॅस्टिकची चाकाएवढी एक मोठी कडी टांगलेली होती. नातवंडांनी हात लावला की म्हातारी खेकसायची, "ठेव ती! माझ्या नॅन्सीची हाय."

नॅन्सी म्हणजे मिशन बंगल्यातल्या अमेरिकन मडमेची लेक. मोठी लढाई संपून तेव्हा दहा-बारा वर्षं झालेली, आणि तिकडं नुसती सुबत्ता. रेबेकाबाई त्या बंगल्यात आया होती. बोटीनं पार्सलं यायची. त्यातल्या मासिकांत घेरदार फ्रॉकातल्या बाया फ्रीजपुढं उभ्या राहून हसायच्या. "एवढं हसायला आत ठेवलंय तरी काय?" रेबेकाबाई विचारायची.

एकदा ही कडी आली. तिकडची पोरं म्हणे ती कमरेभोवती फिरवतात. पाच वर्षांच्या नॅन्सीला काही जमेना, तिनं भोकाड पसरलं. तशी रेबेकाबाईनं पदर खोचला आणि लुगड्यावरूनच कडी गरगरा फिरवली. पोर हसून हसून लोळली. मायदेशी परत जाताना तिनं ती कडी आयाच्याच गळ्यात घातली.

तेव्हापासून गल्लीला एकच ऐकणं: नॅन्सी येणार आणि आधी माझ्या गळ्यात पडणार.

एका वर्षी नाताळाच्या तोंडावर ती खरंच आली. केसांत पांढरं, डोळ्यांवर चष्मा. दाराशी ही गर्दी. भिंतीवरची कडी दिसताच ती म्हातारीच्या गळ्यात पडली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "साळू! माझी साळू!"

साळूबाई बंगल्यातली स्वयंपाकीण. पोर चुलीजवळ आली की चिमटे काढायची. ती मरून कैक वर्षं झालेली.

सून आराधना पुढं सरली. "अहो बाई, या तर..."

रेबेकाबाईनं हळूच आपल्या पायानं तिचा पाय दाबला.

नॅन्सी रडत होती. "पप्पा गेले. आता आई पण गेली. माझं कुणी नाही. तू कडी फिरवली, साळू. मी हसली. मला सगळं आठवते."

"व्हय गं माझे बाई," म्हातारी तिची पाठ थोपटत म्हणाली, "मीच ती साळू."

नॅन्सीची गाडी गेल्यावर आराधनानं विचारलं, "आई, खरं का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? तुझी साळू मेली म्हनून? आताच आईला माती देऊन आलीय ती."

शेजारची केशरबाई दारातून म्हणाली, "काय गं रेबेका, साळू कवा झालीस?"

रेबेकाबाई खाली बसून करंज्यांचं सारण ढवळत राहिली. नातवानं भिंतीवरची कडी काढली, अंगणात नेली. म्हातारीनं नुसतं बघितलं.