एकशे अठराची नाडी

"एका पाटीवर दोघांना लिहायला बसवू नकोस गं. एक पुसेपर्यंत दुसरा लिहून मोकळा होतो," आपल्या निवृत्तीच्या आठवड्यात तिच्या टीममधले जुने प्रोग्रॅमर, काका, तिला म्हणाले होते. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणत. तिनं ते हसण्यावारी नेलं. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती आणि 'आता हिचं लक्ष घरीच' म्हणणाऱ्यांची तोंडं तिला बंद करायची होती.

काम जोखमीचं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर कंपनीचा पट्टा असे. त्यांच्या नाडीचे आकडे बारा सर्व्हरवर रात्रंदिवस वाहत येत. दहा मिनिटं एखाद्याचा आकडा आला नाही, की स्क्रीनवरचा त्याचा हिरवा ठिपका लाल होई आणि फोनवरच्या ताई त्याला फोन लावत. येणाऱ्या प्रत्येक आकड्यासाठी प्रोग्रॅम नवी नोंद तयार करायचा, त्यानं मेमरी भरायची आणि सर्व्हर धापा टाकायचे. तिनं एकच नोंद पाटीसारखी पुसून पुन्हा पुन्हा वापरायची शक्कल काढली. वेग दुप्पट झाला. साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली.

सहा आठवड्यांनी, एका दुपारी, ताई तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"त्या एकशे अठरा नंबरच्या बाई वारल्या ना मागच्या आठवड्यात?"

"हो. का?"

"त्यांची नाडी चालू आहे. बहात्तर."

"अहो, घरातल्या कोणी पट्टा घातला असेल."

"पट्टा माझ्या कपाटात आहे. बॅटरी काढून ठेवलीये." ताईंनी हसायचा प्रयत्न केला. "बाई शिस्तीच्या होत्या म्हणा, पण मेल्यावरसुद्धा हजेरी?"

तिनं स्क्रीन उघडला. बहात्तर. मग एकदम एकोणनव्वद. मग चौसष्ट. एका छातीत असं काळीज नसतं.

नोंदीत कोण काय लिहितंय ते दिसावं म्हणून तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. दहा मिनिटांत एकशे अठरा लाल झाला. भूत गेलं! ती ओळ काढली, तर पुन्हा हिरवा. परत घातली, लाल. आपण बघतोय हे त्याला कळत असावं, तसं. तिच्या स्वतःच्या मशीनवर तर ते फिरकतच नव्हतं. तिथे एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर सगळं चालायचं, एकटाच हात लिहायचा.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सर्व्हरवर हात दोन होते, पाटी एकच. एक थ्रेड आलेला आकडा नोंदीत लिहायचा. दुसरा पहारेकरी: नंबर घ्यायचा, त्याच नोंदीत टाकायचा आणि 'नाडी आली का?' विचारायचा. नेमक्या त्याच क्षणी पहिल्यानं भलत्याचा आकडा तिथे ठेवला, की पहारेकरी म्हणणार, आली. तिची ती ओळ छापण्यात क्षणभर जायचा, दोघांची चाल बदलायची आणि टक्कर चुकायची. बाईंचा नंबर कागदपत्रं यायची म्हणून यादीत राहिला होता, एवढंच.

ती खुर्चीत ताठ झाली.

"ताई, मेलेल्या माणसाला उसनी नाडी मिळतेय."

"मग?"

"मग जिवंत माणसाची बंद पडली, तरी आपल्याला हिरवंच दिसणार."

ताईंनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

स्क्रीनवर आता विश्वास नव्हता. सर्व्हरच्या दारातच उतरवून घेतलेले कच्चे आकडे तिनं काढले आणि ठिपक्यांशी ताडून पाहिले. एकशे अठरा सोडून सात नंबर निघाले: दारात काहीच नाही, स्क्रीनवर हिरवे. पाचवा तिच्या मावशीचा होता. तिला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीचा.

घरी ती झोपलेल्या लेकीच्या नाकाशी दर तासाला बोट धरायची. मावशीचा मात्र रोज ठिपका बघायची. हिरवा आहे ना, मग फोन कशाला.

तिनं तिथूनच फोन लावला. मावशीनं सहाव्या रिंगला उचलला.

"जिवंत आहे गं! एवढं काय ओरडायचं? पट्टा होय... खाजतो मेला. तीन दिवस झाले काढून."

तीन दिवस ती कोणाची तरी नाडी मावशीची म्हणून बघत होती.

बाकीच्यांपैकी पाच जणांचे फोन लागले. कोणाची बॅटरी संपलेली, कोणाचा पट्टा बिघडलेला. यादीतले सातवे, एक आजोबा, उचलेनात. त्यांचे आकडे सकाळी साडेआठला थांबले होते, आता सव्वादोन. ताईंनी शेजाऱ्यांना दार फोडायला लावलं. आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले, खुबा मोडलेला, पट्टा आपटून फुटलेला. शुद्ध होती. शेजाऱ्यांनी फोन त्यांच्या कानाला लावला.

"पट्ट्याचा हात वरच धरला होता मी," ते म्हणाले. "म्हटलं, कोणीतरी बघतच असेल."



संध्याकाळपर्यंत तिनं प्रत्येक थ्रेडला स्वतःची वेगळी नोंद दिली. वेग निम्म्यावर आला. एकशे अठरा लाल झाला आणि लालच राहिला. आजोबांचं ऑपरेशन नीट झालं. पण जेवताना, लेकीला थोपटताना तिला तो वर धरलेला हात दिसतो, साडेआठपासून सव्वादोनपर्यंत.

तुमचंही कोणी असेल एकटं राहणारं. फोनवर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका असेल, 'आत्ताच ऑनलाइन' असं लिहिलेलंही असेल. ते राहू द्या. त्यांना फोन लावा, त्यांचा आवाज ऐका. उचलला नाही, तर उठा आणि जाऊन बघून या.